‘आमच्या वेळी हे नव्हतं’: नैराश्य खरंच वाढलंय का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांनी लिहिलंय: "आमच्या लहानपणी घरात सतरा माणसं होती. बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारी खाल्ली, सुकडीवर दिवस काढले, खडी फोडायला गेलो, पण कुणाला डिप्रेशन आलं नाही. एक चुलती तेवढी ऐन तारुण्यात विहिरीत पडून गेली, पण तो अपघात होता. आज माझ्या नातीला स्वतंत्र खोली आहे, मोबाइल आहे, आईबाप दोघं कमावते आहेत, आणि अकरावीत तिला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्यात. हा आजार आताच एवढा का वाढला? तिच्याशी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून मी बोलतच नाही."

गुरुजी, मी सत्तावीस वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करते आहे, त्यातली बहुतेक तालुक्याच्या गावी. हा प्रश्न माझ्या टेबलासमोर बसून शेकडो आजीआजोबांनी विचारलाय. काहींच्या आवाजात राग असतो, ‘यांना काय कमी आहे’ असा. तुमच्या पत्रात मला राग दिसला नाही, काळजी दिसली. म्हणून सविस्तर लिहिते. नैराश्य जेवढं वाढलेलं दिसतं तेवढं ते वाढलेलं नाही. पण काही वयांत आणि काही घरांत ते खरोखर वाढलंय. तिथे कारणं अनेक असली, तरी ती उकलत गेलं की माझ्या हाती पुन्हा पुन्हा एकच शब्द लागतो, तो म्हणजे कोंडी.

आधी तुमच्या लहानपणाबद्दल. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा ‘मला उदास वाटतं’ असं सांगत कुणी येत नसे. बाया यायच्या त्या डोकं जड झालंय, पायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही असं सांगत. पुरुष म्हणायचे, गॅस डोक्यात चढतो. प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन वर्षांचे कागद असायचे. त्यात ईसीजी, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आणि सगळं नॉर्मल. "बाई, कमजोरी आलीया, एक सलाईन लावा" एवढीच मागणी. मी विचारायची, पहाटे किती वाजता जाग येते? "तीनला, मग डोळ्याला डोळा लागत नाही." घरातल्या कुठल्या कामात जीव रमतो? इथं ती थांबायची आणि पदर तोंडाला लावायची. तो पदर पाहिल्यावर निदानासाठी मला फारसं काही लागत नसे.

या बायका काही लपवत होत्या असं मात्र नाही. नैराश्य हा शरीराचाही आजार आहे. झोप, भूक, पचन, पाळी, चालण्याचा वेग या सगळ्यांवर तो हात ठेवतो. त्यांना जे आधी जाणवलं ते त्या सांगत होत्या. चीनमध्ये १९८० च्या सुमाराला आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने हुनान प्रांतात ‘नसांची दुर्बलता’ असं निदान झालेले शंभर रुग्ण तपासले, तेव्हा त्यातल्या ८७ जणांना नैराश्याचे निकष लागू पडले. त्या शंभरांपैकी बहुतेकांनी डोकेदुखी, थकवा, निद्रानाश यांवर उपाय मागितला होता. आपल्याकडची ‘कमजोरी’ आणि त्यांची ‘नसांची दुर्बलता’ या सख्ख्या बहिणी आहेत. आजार होताच, त्याला नाव दुसरं होतं.

कधी त्याला नावच नसायचं. प्रत्येक मोठ्या घरात एक तरी काकू असायची, जी माजघरातून फारशी बाहेर येत नसे, सणालाही नवं लुगडं नेसत नसे, आणि जिच्याबद्दल ‘ती आहेच तशी घुमी’ म्हणून विषय संपायचा. एखाद्या मामांनी चाळिशीत काम सोडलेलं असायचं, आणि घर म्हणायचं, ‘त्यांच्यावर कुणीतरी करणी केली’. देवऋष्याकडे नेलं जायचं, अंगारा लावला जायचा. तुमच्या चुलतीचं काय झालं ते मला ठाऊक नाही आणि इतक्या वर्षांनंतर त्याबद्दल तर्क करणं मला योग्य वाटत नाही. एवढंच सांगते की आमच्या भागात पाणी शेंदताना पाय घसरून गेलेल्या तरुण सुनांच्या हकिकती मी इतक्या घरांतून ऐकल्या आहेत की प्रत्येक वेळी पायच घसरला असेल यावर माझा विश्वास राहिलेला नाही. त्या बायकांची मोजणी कुठल्याच तक्त्यात झाली नाही.

मोजणीकडे येते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेलं आढळलं. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कसलेही उपचार मिळत नव्हते. मग २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ज्येष्ठांची मोठी पाहणी झाली. साठीपुढच्या माणसांना ‘डॉक्टरांनी तुम्हाला नैराश्य असल्याचं कधी सांगितलंय का’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणणारे ०.८ टक्के निघाले. त्याच माणसांना लक्षणांची प्रश्नावली शांतपणे विचारली तर ८.३ टक्क्यांमध्ये आजार असण्याची दाट शक्यता दिसली. दहापट. आजही दहातली नऊ माणसं ‘वय झालं की असं व्हायचंच’ म्हणून खाटेवर पडून आहेत. उद्या त्यातल्या चौघांना कुणी डॉक्टरकडे नेलं तर गावात बोलबाला होईल की म्हाताऱ्यांतही डिप्रेशन फार वाढलं. वाढलेलं काहीच नसेल, त्यांच्याकडे कुणाचं तरी लक्ष गेलेलं असेल.

आणखी एक हिशेब बातम्यांत नेहमी चुकतो. भारतातल्या एकूण आजारपणाच्या ओझ्यात (मृत्यू आणि आजारपण यांनी मिळून वाया गेलेली वर्षं) मानसिक आजारांचा वाटा १९९० मध्ये २.५ टक्के होता, तो २०१७ मध्ये ४.७ टक्के झाला. वाचणाऱ्याला वाटतं, आजार दुप्पट झाले. पण याच काळात जुलाब, न्यूमोनिया, गोवर यांनी दगावणारी मुलं खूप कमी झाली. भाकरीतला एक तुकडा लहान झाला की उरलेला मोठा दिसतो. शिवाय माणसं जास्त झाली आणि जास्त जगू लागली. नैराश्य हा प्रामुख्याने प्रौढ आणि वृद्ध वयातला आजार, त्यामुळे लहान मुलांच्या देशापेक्षा म्हाताऱ्यांच्या देशात तो जास्त दिसणार. ज्यांनी लोकसंख्या आणि वय यांचा परिणाम बाजूला काढून १९९० ते २०१० या काळातली जगभरची आकडेवारी पाहिली, त्यांना दरात लक्षणीय वाढ आढळली नाही. त्यानंतर मात्र करोनाच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. ती वाढ खरी होती. माझ्या ओपीडीत मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

औषधांचाही यात हात आहे. नैराश्यावरची पहिली गोळी म्हणावी अशी इमिप्रामिन, तिचा परिणाम रोलांड कून यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९५७ साली नोंदवला. पण या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, लघवी तुंबायची, आणि जास्त घेतल्या तर जीव जायचा. साधे फॅमिली डॉक्टर त्यांच्या वाटेला जात नसत. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली, तशाच इतर सौम्य गोळ्या आल्या आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या आपल्याकडच्या तालुक्यातल्या मेडिकलच्या फडताळात पोचल्या. हाताशी सोपा उपाय असला की डॉक्टर तो आजार शोधू लागतात, हे रक्तदाबाच्या बाबतीतही झालंय. निदानाचे निकषही १९८० पासून जगभर ठरीव झाले. उदासी किंवा कशातच रस नसणं यांपैकी एक तरी, आणि एकूण नऊपैकी पाच लक्षणं, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतकी. या व्याख्येने पूर्वी न पकडली जाणारी माणसं सापडली. चुकून पकडली जाणारीही आली. वडील गेल्यावर दीड महिन्याने रडणाऱ्या मुलाला गोळी लिहिलेले कागद मी पाहिले आहेत, आणि ते पाहून मला वाईट वाटलंय. दुःखाला दुःख म्हणून राहू द्यायला हवं. मुलं हल्ली ‘आज मी फुल डिप्रेस आहे’ म्हणतात, त्याचा अर्थ बहुधा पेपर अवघड गेला एवढाच असतो. शब्द असा स्वस्त झाला की ज्याला खरा आजार आहे त्याचंही कुणी मनावर घेत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. एकीकडे नको त्याला गोळी आणि दुसरीकडे शंभरातले ८५ वाऱ्यावर, अशी आपली अवस्था आहे.

आता जिथे खरोखर वाढ आहे तिकडे वळते. त्यासाठी आधी हा आजार नेमका कुणाला गाठतो ते पाहू.

लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी १९७० च्या दशकात घरोघरी जाऊन बायकांच्या तासन्‌तास मुलाखती घेतल्या. आमच्या शास्त्रात ते काम मला सर्वांत जवळचं आहे. आघात सगळ्यांवर येतात, पण आजारी काहीच बायका पडतात, असं का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांना चार गोष्टी सापडल्या: जिच्यापाशी मन मोकळं करता येईल असं जवळचं माणूस नसणं, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं असणं, घराबाहेर काम नसणं, आणि अकरा वर्षांची होण्याआधी आई गमावलेली असणं. पुढे १९९५ मध्ये त्यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं की आघातांपैकी नेमके कुठले आघात माणसाला आजारात ढकलतात. नुसतं गमावणं पुरेसं ठरत नव्हतं. गमावण्याला अपमानाची जोड मिळाली, किंवा सुटकेची वाटच नाही अशी अवस्था झाली, की आजाराची शक्यता कितीतरी वाढत होती. त्या अवस्थेला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, कोंडमारा. माझ्या रुग्ण बायका तो शब्द रोज वापरतात. "बाई, कोंडमारा हुतोय." यापेक्षा अचूक निदान मलाही करता येणार नाही.

गोव्यातल्या एका रुग्णालयात बाळंत झालेल्या २७० बायकांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली ही गोष्ट, विशेषतः आधीची मुलगी असताना, या कारणांनी धोका वाढत होता. बाळंतपणानंतर हार्मोन सगळ्याच आयांचे खाली येतात. पण दुसरी मुलगी झाल्यावर खोलीतलं बोलणं थांबतं, सासू बाळाकडे न बघता बाहेर जाते, तो अपमान हार्मोनच्या वर येऊन बसतो.

तुम्ही म्हणाल, सतरा माणसांच्या घरात सुनेचा कोंडमारा नव्हता का? होता, आणि भयंकर होता. जुन्या घराचे गोडवे गाणारं मी काही लिहिणार नाही, कारण त्या घरांनी काय केलं ते माझ्या वयाच्या डॉक्टर बाईला चांगलं माहीत आहे. पण त्या घरातल्या बाईला काही ठरलेल्या फटी होत्या. पहाटे जात्यावर दोघी बसायच्या. नदीवर धुणं घेऊन गेलं की तासभर सासूच्या नजरेबाहेर जाता यायचं. नागपंचमीला माहेर, बाळंतपणाला माहेर. पुरुषांना पार होता, तालीम होती, भजनाची मंडळी होती. वारीत पंधरा-वीस दिवस घराची भिंतच नसायची. या फटींतून वारा येत असे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत नळ घरात आला, चक्की आली, वॉशिंग मशीन आलं. त्या कष्टातून बाई सुटली हे उत्तमच झालं, कुणी ते परत मागू नये. फक्त कष्टाबरोबर ती सोबतही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरं काही बसवलं नाही. भिंती मात्र नव्या आल्या.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची भिंत सगळ्यांना माहीत आहे. कापूस आणि सोयाबीन भावाच्या आणि पावसाच्या जुगारावर, बँकेचं थकलेलं म्हणून सावकाराचं, आणि घरात लग्नाची मुलगी. मी तिथल्या काही शिबिरांत जाऊन बसले आहे. कर्ज किती आहे हे तो सांगतो तेव्हा आवाज सपाट असतो. वसुलीला आलेल्या माणसाने चारचौघांत, मुलांसमोर काय ऐकवलं हे सांगताना त्याचा आवाज फुटतो. रकमेपेक्षा तो प्रसंग त्याला आतून खातो. म्हणून कर्जमाफीने मदत होते, पण आजार नुसत्या कर्जमाफीने जात नाही.

शहरातल्या कोंडीला बाहेरून रंगरंगोटी असते. पुण्यातला एक तरुण (त्याची ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आयटीत नोकरीला, वीस वर्षांचा गृहकर्जाचा हप्ता, रात्री अमेरिकेच्या वेळेत काम, दिवसा फ्लॅटचे पडदे ओढून झोप. वर्षभर त्याला अंगावर ऊन घेतल्याचं आठवत नव्हतं. नोकरी सोडावीशी वाटते पण सोडता येत नाही, कारण हप्ता. गावी सांगता येत नाही, कारण गावात त्याचं नाव आहे. बायकोला सांगता येत नाही, कारण तिच्याही नोकरीत कपात चालली आहे. पगाराची स्लिप हातात धरून तो मला म्हणाला, "मॅडम, मला तक्रार करायचा अधिकार आहे का?" तुमच्या पत्रातला ‘सगळं असून’ हा सूर त्याला रोज चार जण ऐकवत होते. म्हणून तो तीन वर्षं उशिरा आला.

आणि म्हातारपण. मुलं अमेरिकेतल्या बे एरियात किंवा मेलबर्नला, कोथरूडच्या नाहीतर डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आई एकटी. रोज व्हिडिओ कॉल होतो. "आई, कशी आहेस?" "मजेत." कॉल संपल्यावर ती स्वतःपुरता भात टाकायचाही कंटाळा करते आणि चहा-बिस्किटावर झोपते. यावर अधिक लिहीत नाही, मराठी घरांना हे सांगायची गरज नाही.

आता तुमच्या नातीच्या वयाबद्दल, कारण वाढ सर्वांत स्पष्ट तिथेच आहे. अमेरिकेत बारा ते सतरा वयाच्या मुलामुलींची दरवर्षी मोठी पाहणी होते. मागच्या वर्षभरात गंभीर नैराश्य आलेल्यांचं प्रमाण २००७ मध्ये ८ टक्के होतं, ते २०१७ मध्ये १३ टक्के झालं, आणि मुलींत ते मुलांपेक्षा खूप जास्त आहे. हे निव्वळ मोजणीतल्या फरकाने झालं असं मला वाटत नाही. माझ्या ओपीडीत पूर्वी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी महिन्यातून एखादी यायची, आता आठवड्याला तीन-चार येतात.

मोबाइलला सगळा दोष देणं मला पटत नाही, पण दोष नाही असंही म्हणणार नाही. त्याचं पहिलं नुकसान झोपेचं. आपल्याकडे २०१६ च्या शेवटापासून डेटा स्वस्त झाला आणि पोरांची झोप रात्री एक-दोनपर्यंत सरकली. वाढत्या वयाच्या मेंदूला आठ ते दहा तास झोप लागते. ती सलग वर्षभर पाच-साडेपाच तासांवर आणली तर मन ढासळणारच. दुसरं नुकसान तुलनेचं. तुमच्या वर्गातल्या मुलीची तुलना चाळीस जणींशी होती. नातीची तुलना रोज हजारो चेहऱ्यांशी होते, आणि ते चेहरे फिल्टर लावून आलेले असतात. कुणी तिच्या फोटोखाली काही घाण लिहिलं तर तो अपमान चारचौघांतला नसून सगळ्या कॉलेजसमोरचा असतो, आणि रात्री तिच्या उशाशीच असतो. पूर्वी शाळा सुटली की वर्गातली दांडगाई शाळेतच राहायची.

पण भिंत खरी आहे ती अकरावी-बारावीची. २०२४ च्या नीट परीक्षेला देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. दहावीला पंच्याण्णव टक्के मिळालेली मुलगी लातूरला किंवा कोट्याला जाते, पहिल्या चाचणीत वर्गात तीनशेवी येते, आणि फी भरायला वडिलांनी काय विकलं हे तिला माहीत असतं. सोडून येता येत नाही आणि जमतही नाही. ब्राऊन आणि हॅरिस यांनी लंडनमध्ये पाहिलं तेच हे आहे, फक्त माणूस सोळा वर्षांचं आहे. तुम्ही लिहिलंय की तिला स्वतंत्र खोली आहे. सतरा माणसांच्या घरात एखादी मुलगी तीन दिवस जेवली नाही तर कुणाच्या तरी ध्यानात यायचं, मग भले तिला रागावलं जायचं. आज खोलीचं दार बंद असतं आणि आतून ‘अभ्यास करतेय’ असं उत्तर येतं.

एक खुलासा करते, कारण तो न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. वर्षानुवर्षं मी रुग्णांच्या घरच्यांना सांगत आले की मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय, शरीरात लोह कमी होतं तसं. त्यामुळे ‘नाटकं करते’ हे बोलणं थांबायचं, म्हणून मी ते सांगत राहिले. पण सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य, इतका साधा हिशेब पुराव्याने सिद्ध झालेला नाही, हे २०२२ मध्ये एका मोठ्या आढाव्याने पुन्हा स्पष्ट केलं. आनुवंशिकतेचा वाटा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक धरतात. उरलेलं आयुष्य ठरवतं. गोळ्या मध्यम आणि तीव्र आजारात उपयोगी पडतात हे मात्र खरं आहे, त्या नेमक्या कशा काम करतात हा वेगळा प्रश्न आहे. आता मी घरच्यांना सांगते, पाय मोडलाय, गोळी म्हणजे कुबडी आहे, आणि रस्ताही बघायला हवा.

रस्ता बघता येतो याचे दोन पुरावे आपल्याच भागातले आहेत. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा-आठ भेटींचे उपचार दिले. त्यात मोठी विद्या काही नाही. माणूस काय काय करायचा थांबला ते शोधायचं, त्यातलं एकेक लहान काम पुन्हा दिवसात आणायचं, अडचण सोडवायला बरोबर बसायचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी असे उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजाराच्या बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के. दुसरं काम अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतलं. तिथे गावातल्याच माणसांना तयार केलं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, त्यामुळे आमच्या भरवशावर राहून हे काम होणार नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेतले शिक्षक यांना हे शिकवायला हवं आणि त्याचे पैसेही द्यायला हवेत. फुकटच्या सेवेवर ही जबाबदारी टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता नातीचं.

गोळ्या सुरू केल्या म्हणजे चूक झाली असं मनात आणू नका. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पंचवीस वर्षांखालच्या मुलांत सुरुवातीच्या काही आठवड्यांत कधी कधी बेचैनी वाढते आणि मरणाचे विचारही वाढू शकतात, म्हणून या काळात घरात कुणीतरी सतत असावं आणि गोळ्यांची पाकिटं मोठ्यांच्या ताब्यात असावीत. बरं वाटलं की लगेच बंद करू नयेत, पूर्ण बरं वाटल्यापासून पुढे निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलंय का, हे विचारून घ्या. शाकाहारी घरांतल्या मुलींत बी-१२ ची कमतरता मला फार दिसते, आणि तिचा थकवा नैराश्यासारखाच भासतो.

जगावंसं वाटत नाही का, हे तिला सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला विचार बाहेर येतो. ती ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्रीबेरात्री काही वाटलं तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. आईवडिलांशी एकदा शांतपणे बसा आणि विचारा, हे वर्ष तिने सोडलं तर चालेल का. चालणार असेल तर ते तिला त्यांच्या तोंडून ऐकू द्या. एका मुलीच्या वडिलांनी माझ्यासमोर ‘डॉक्टर नाही झालीस तरी माझं काही जात नाही’ एवढंच म्हटलं होतं. पुढचा अर्धा तास ती रडत होती आणि त्या रात्री आठ तास झोपली.

तिच्याशी काय बोलावं हे कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बोलायची घाई करू नका. समोर बसवून ‘सांग, काय होतंय’ असं विचारलं तर तिला ते चाचणीसारखं वाटेल. शेजारी बसा. संध्याकाळी भाजी आणायला तिला बरोबर न्या, पिशवी तिच्या हातात द्या, ऊन उतरतीचं असलं तरी अंगावर पडू द्या. घरी आल्यावर दोघं मिळून शेंगा सोला. हात कामात आणि नजर परातीत असली की या वयाची मुलं बोलतात. पहिल्या चार दिवसांत बोलली नाही तरी पाचव्या दिवशी शेंगा आणा. आणि ती बोलू लागली की मिलोची आणि खडी फोडायची गोष्ट त्या वेळी मध्ये आणू नका, ती तिच्या बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवा, तेव्हा ती आवडीने ऐकेल.